भाड्याच्या घरात काळी बुरशी, एजंट दाद देत नाही, कौन्सिल फोन उचलत नाही (इंग्लंड) – काय करावं?

चिमणीचं घर

नमस्कार. बरेच महिने इथे नुसतं वाचत होते, पहिल्यांदाच धागा काढतेय कारण आता खरंच डोकं चालेनासं झालंय.

आम्ही इंग्लंडच्या उत्तरेकडे एका शहरात राहतो, मी, नवरा आणि साडेतीन वर्षांची लेक. नवरा वर्क व्हिसावर, मी डिपेंडंट. जुन्या ओळीतलं दोन बेडरूमचं घर आहे, भाडं ९५० पौंड, करार गेल्या ऑगस्टपासून एक वर्षाचा. ऑक्टोबरमध्ये लेकीच्या खोलीत वास यायला लागला, आधी वाटलं बंद खोलीचा असेल. मग डिसेंबरात एकदा कपाट पुढे ओढलं तर मागची पूर्ण भिंत काळी, आणि कपाटाची मागची फळी इतकी भिजलेली की दाबल्यावर माझं बोट आत गेलं. माझ्या आईने शिवून दिलेली गोधडी त्या कपाटात होती, तीनदा धुतली तरी वास जात नाहीये. लेकीला रात्रीचा खोकला सुरू झालाय, डॉक्टरने घरात ओल आहे का हे पहिल्यांदा विचारलं.

एजंटला पाच वेळा फोन केला. खिडक्या उघड्या ठेवा, कपडे आत वाळत घालू नका, स्वयंपाक करताना भांड्यावर झाकण ठेवा, एवढंच उत्तर. जानेवारीत एक माणूस आला आणि बुरशीवरच पांढरा रंग मारून गेला, तीन आठवड्यांत त्या रंगातून काळे ठिपके वर आले. आणि मला दिसतंय ना की बाहेर छताची पन्हळ तुटलीय आणि पाऊस आला की पाणी थेट त्याच भिंतीवरून उतरतं, त्याला मी झाकण ठेवून काय होणार आहे.

कौन्सिलच्या (म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या) वेबसाइटवर फॉर्म भरला, आपोआप येणारं उत्तर आलं, त्याला सात आठवडे झाले. फोन केला की चाळीस मिनिटं संगीत आणि मग कट. आधी आमच्या लायब्ररीत गुरुवारी सल्ला द्यायला एक बाई बसायच्या, त्यांना विचारलं असतं, पण आता लायब्ररी आठवड्यातून दोनच दिवस उघडी असते आणि ते टेबलही गेलं. आमच्या रस्त्यावरची बसही संध्याकाळी सहानंतर बंद झालीय. म्हणजे विचारायला जायचं तर जायला जागाच उरली नाही असं झालंय.

मागच्या आठवड्यात एजंट फोनवर म्हणाला की तुम्ही व्हिसावर आहात ना, मग उगाच तक्रारी वाढवू नका. तेव्हापासून नवरा म्हणतोय की गप्प बसू. मला तीन गोष्टी विचारायच्यात, भाडं थांबवलं तर चालेल का, कौन्सिलला हलवायचं कसं, आणि खरंच व्हिसाला धक्का लागतो का? प्लीज ज्यांना अनुभव आहे त्यांनी सांगा.

---

शांतारामकाका

ताई, वाचून वाईट वाटलं. मी इथे तीस वर्षं काढली. माझं स्पष्ट मत, लहान लेकरू घरात आहे तर भांडत बसू नका, सरळ दुसरं घर बघा. मालकाशी वैर घेऊन परक्या देशात कुणाचं भलं झालेलं मी पाहिलं नाही. पुढच्या घराला रेफरन्स लागतो तो हाच एजंट देणार आहे.

---

जुना भाडेकरू

काका, तुमची काळजी कळते पण घर बदलायचं म्हणजे नवीन डिपॉझिट, पहिल्या महिन्याचं भाडं, सामान हलवायचा खर्च, आणि ताईंचा करार ऑगस्टपर्यंत आहे, मध्येच सोडलं तर उरलेलं भाडं मागतील. आणि त्या खोलीत पुढचं कुटुंब येईल तेव्हा त्यांचंही लेकरू असेलच की.

ताई, भाडं अजिबात थांबवू नका. हे सगळ्यात आधी सांगतो कारण रागाच्या भरात लोक हेच करतात आणि मग सगळी केस उलटते. दोन महिन्यांचं भाडं थकलं की मालकाला कोर्टात घर रिकामं करून मागायचं पक्कं कारण मिळतं, भाडेकरूंच्या नवीन कायद्यात (रेंटर्स राइट्स ॲक्ट) १ मे २०२६ पासून ती मर्यादा तीन महिने होतेय, पण तरी कशाला त्याच्या हातात कोलीत द्यायचं. भाडं वेळेवर, बँकेतूनच.

आता दुसरं. फोन बंद करा आणि सगळं ईमेलवर आणा. पाच फोन केलेत त्याचा आज पुरावा काय? आज रात्रीच एक ईमेल लिहा, अमुक तारखेला फोन केला, अमुक उत्तर मिळालं, जानेवारीत रंग मारला, तीन आठवड्यांत बुरशी परत आली, पन्हळ तुटलीय, लेकीला खोकला आहे, सोबत फोटो जोडतेय. फोटो काढताना शेजारी मोजपट्टी धरा आणि पावसात पन्हळीतून पाणी भिंतीवर पडताना व्हिडिओ घ्या, हा व्हिडिओ हजार शब्दांचं काम करेल. डॉक्टरकडून खोकल्याची नोंद लेखी मागून घ्या.

मालकाचं नाव पत्ता माहीत आहे का? नसेल तर एजंटला लेखी विचारा. १९८५च्या लँडलॉर्ड अँड टेनंट कायद्याप्रमाणे त्याला २१ दिवसांत द्यावंच लागतं, न देणं हा गुन्हा आहे. आणि लँड रजिस्ट्रीत ७ पौंड भरून घर कुणाच्या नावावर आहे ते ऑनलाइन बघता येतं. माझ्या वेळी मालकाला स्वतःला पत्र गेलं तेव्हा कळलं की त्याला एजंटने काहीच सांगितलं नव्हतं, दहा दिवसांत माणूस आला. सगळे मालक वाईट नसतात, कधी कधी मधला माणूसच भिंत होऊन बसतो.

त्याच कायद्याच्या कलम ११ मध्ये घराचा सांगाडा आणि बाहेरची बाजू दुरुस्त ठेवणं मालकावर आहे आणि त्यात पन्हळ आणि पाइप नाव घेऊन लिहिलेत. हे करारात काहीही लिहिलं तरी बदलत नाही. आणि झाकण ठेवा, कपडे वाळवू नका याबद्दल, सरकारनेच सप्टेंबर २०२३ मध्ये ओल आणि बुरशीवर मार्गदर्शिका काढलीय, त्यात स्पष्ट आहे की स्वयंपाक, अंघोळ, कपडे वाळवणं ही रोजची कामं आहेत, त्यावरून भाडेकरूला दोष देऊ नका. ती मार्गदर्शिका ईमेलला जोडा.

---

पूर्वी कौन्सिलमध्ये

ताई, मी सहा वर्षं एका कौन्सिलच्या खाजगी भाडेघरांच्या टीममध्ये होते, म्हणून कौन्सिलकडून उत्तर का येत नाही ते आतून सांगते. टाळाटाळ म्हणून नाही, माणसंच नाहीत. आमच्या टीममध्ये मी लागले तेव्हा नऊ जण होतो, सोडलं तेव्हा तीन, आणि शहर तेवढंच. सकाळी इनबॉक्स उघडला की वरून खाली वाचत जायचं आणि आज कुणाचं छत पडतंय, कुणाच्या घरात गॅस गळतोय एवढंच निवडायचं. बुरशीच्या तक्रारी खाली राहायच्या. मला त्या खाली ढकलताना फार त्रास व्हायचा, अजूनही काही फोटो आठवतात.

कारण पैशाचं आहे. कौन्सिलला वृद्धांची देखभाल आणि अडचणीतल्या मुलांची काळजी कायद्याने घ्यावीच लागते, त्यात बेघर कुटुंबांना तात्पुरतं ठेवायचा खर्च वाढत गेला, आणि हे सगळं एकाच भांड्यातून. धोकादायक घरांवर कारवाई करायचीही कायदेशीर जबाबदारी आहे पण त्यासाठी अमुक इतके अधिकारी ठेवाच असं बंधन नाही. लायब्ररीचंही तसंच, १९६४चा कायदा आहे, चांगली सेवा द्या म्हणतो, आठवड्यात किती दिवस उघडी ठेवा हे म्हणत नाही, म्हणून कात्री तिथेच लागते. कलम ११४ची नोटीस म्हणजे आमच्याकडे आता खर्चाला पैसे नाहीत असं कौन्सिलने जाहीर करणं, ती नॉर्थॅम्प्टनशायरने २०१८ मध्ये दिली, क्रॉयडनने २०२० मध्ये, स्लाउने २०२१ मध्ये, २०२३ मध्ये तर वोकिंग, बर्मिंगहॅम आणि नॉटिंगहॅम तिघांनी. बर्मिंगहॅममध्ये त्यानंतर २०२४ साली कौन्सिल टॅक्स एका वर्षात ९.९९ टक्के वाढला. म्हणजे लोक जास्त भरतायत आणि समोर सेवा कमी होतेय, हे चीड येण्यासारखंच आहे.

तरी तुमचा फॉर्म वर कसा आणायचा ते सांगते. तुम्ही "ओल आहे, बुरशी आहे" असं लिहिलं असेल. तसं नाही लिहायचं. २००४च्या हाउसिंग कायद्याखाली घरातले धोके मोजायची पद्धत आहे, धोका पहिल्या, म्हणजे गंभीर श्रेणीचा निघाला तर कारवाई करणं कौन्सिलला बंधनकारक होतं, मर्जीवर राहत नाही. म्हणून थेट लिहा की घरात साडेतीन वर्षांचं मूल आहे, श्वासाचा त्रास आहे, डॉक्टरची नोंद जोडतेय, हा पहिल्या श्रेणीचा धोका असावा असं वाटतं, तपासणी करून लेखी निर्णय द्या. विषयात "एन्व्हायरन्मेंटल हेल्थ" लिहा, नुसतं "हाउसिंग" लिहिलं की ते कौन्सिलच्या घरांच्या रांगेत जातं. आणि तुमच्या वॉर्डाच्या कौन्सिलरला तोच ईमेल पाठवा, ते महिन्यातून एकदोनदा लोकांना भेटायला बसतात. कौन्सिलरचा ईमेल आला की त्याला ठरलेल्या मुदतीत उत्तर द्यावं लागायचं, आमच्याकडे तरी तसंच होतं.

तरी उत्तर नाही आलं तर कौन्सिलच्या तक्रार प्रक्रियेतून जा आणि मग लोकल गव्हर्नमेंट ओम्बुड्समनकडे, म्हणजे कौन्सिलविरुद्धच्या तक्रारी बघणाऱ्या स्वतंत्र यंत्रणेकडे, फुकट आहे, साधारण वर्षाच्या आत जावं लागतं.

व्हिसाचं मात्र ठामपणे सांगते. तुमच्या व्हिसावर "पब्लिक फंड्स" घेता येणार नाहीत असं लिहिलं असेल. त्यात हाउसिंग बेनिफिट, युनिव्हर्सल क्रेडिट, बेघर म्हणून कौन्सिलची मदत, कौन्सिलचं घर हे येतं. घराची तपासणी करायला सांगणं यातलं काहीच नाही, कोर्टात जाणंही नाही. मालकाच्या किंवा एजंटच्या हातात तुमचा व्हिसा नाही, त्यांना फक्त राइट टू रेंट, म्हणजे तुम्हाला इथे भाड्याने राहायचा हक्क आहे का, तपासायचा असतो, तो झालाच असेल. ती धमकी ज्या फोनवर दिली त्याची तारीख आणि शब्द लिहून ठेवा.

---

विद्यार्थी २०२३

ताई सगळ्यात भारी हे आहे की कौन्सिल झोपली तरी आपण स्वतः जाऊ शकतो, हे मला कोणी सांगितलं नव्हतं म्हणून सांगतोय. आम्ही सहा पोरं एका घरात राहत होतो, मास्टर्सला, एक बाथरूम, हॉलचीही खोली केलेली, बॉयलर जानेवारीत अकरा दिवस बंद, आम्ही किटलीत पाणी तापवून बादलीत मिसळून आंघोळ करायचो. मालक म्हणाला एवढं असेल तर निघा. मग एका सीनियरने सांगितलं की पाच किंवा जास्त लोक, दोन किंवा जास्त वेगळ्या घरचे, एकच किचन बाथरूम, म्हणजे एचएमओ (वेगवेगळ्या घरचे लोक एकत्र राहतात असं भाड्याचं घर) लायसन्स लागतंच, कौन्सिलच्या यादीत बघ. बघितलं तर नाव नव्हतं. आम्ही ट्रायब्युनलमध्ये रेंट रिपेमेंट ऑर्डरचा, म्हणजे भरलेलं भाडं परत मिळायचा, अर्ज केला, वकील नाही काही नाही, सगळे व्हॉट्सॲप मेसेज आणि बँक स्टेटमेंटचा एक गठ्ठा बनवला, पानांना नंबर घातले. सुनावणी व्हिडिओवर झाली, मला इतका घाम फुटला होता की सांगू शकत नाही पण सुनावणी घेणाऱ्या बाई शांतपणे विचारत गेल्या. आम्हाला सात महिन्यांचं भाडं परत मिळालं. तेव्हा जास्तीत जास्त बारा महिन्यांचं मिळायचं, १ मे २०२६ पासून चोवीस होतंय. पोरांनो जे एचएमओत राहतायत त्यांनी आज यादी बघा!! डिपॉझिट पण बघा, मालकाने तीस दिवसांत डिपॉझिट सांभाळणाऱ्या सरकारमान्य स्कीममध्ये टाकलं नसेल तर कोर्ट एक ते तीन पट दंड तुम्हाला मिळवून देतं.

---

जुना भाडेकरू

विद्यार्थी २०२३, शाब्बास. पण ताईंचं एकाच कुटुंबाचं घर आहे, तिथे एचएमओचं लागू होणार नाही, फक्त एक बघायचं की त्यांच्या भागात कौन्सिलने सगळ्याच भाडेघरांना लायसन्स लावलंय का. काही ठिकाणी असतं, त्याला सिलेक्टिव्ह लायसन्सिंग म्हणतात, आणि तिथे लायसन्स नसेल तर तोच अर्ज करता येतो.

ताईंसाठी स्वतःहून जायची वाट म्हणजे २०१८चा फिटनेस फॉर ह्युमन हॅबिटेशन कायदा, म्हणजे घर राहण्यालायक असलंच पाहिजे. तो आणलाच एवढ्यासाठी की कौन्सिलची वाट न बघता भाडेकरूला मालकाला कोर्टात नेता यावं. त्याआधी मालकाला रीतसर पत्र पाठवायचं असतं, त्याला उत्तरासाठी २० कामाचे दिवस मिळतात, आणि खरं सांगायचं तर बऱ्याचदा काम त्या पत्रावरच होतं. वकिलाचा खर्च हा प्रश्न आहे हे मान्य, एप्रिल २०१३ पासून वकिलासाठीची सरकारी मदत फार कमी केली, दुरुस्तीच्या केसला ती फक्त तब्येतीला गंभीर धोका असेल तरच मिळते आणि उत्पन्न बघतात. लेकीचा खोकला बघता विचारून तरी बघा. शेल्टरची फोन लाइन आणि सिटिझन्स ॲडव्हाइस (दोन्ही फुकट सल्ला देणाऱ्या संस्था) दोन्हीकडे विचारा, सकाळी लाइन उघडताच फोन लावा, दुपारी लागत नाही. दारावर येऊन "जिंकलात तरच फी" म्हणणाऱ्यांची सही मात्र घाईत करू नका, आधी कागद वाचा.

घराबाहेर काढतील ही भीती असेल तर, करार ऑगस्टपर्यंत आहे आणि त्यात ब्रेक क्लॉज (मुदतीआधी करार संपवायची अट) नसेल तर कलम २१ची नोटीस, म्हणजे कारण न देता घर रिकामं करायला सांगणारी, त्याआधी तुम्हाला बाहेर काढू शकत नाही, आणि १ मे २०२६ पासून कलम २१च जातंय. त्यानंतर मालकाला कायद्यातलं कारण दाखवावं लागेल. भाडंही वर्षातून एकदाच, दोन महिने आधी ठराविक फॉर्मवर कळवून वाढवता येईल, जास्त वाटलं तर ट्रायब्युनलकडे जाता येतं आणि ते मालकाने मागितलं त्याच्या वर नेऊ शकत नाहीत. आणि दोन महिन्यांची नोटीस देऊन तुम्हीही निघू शकाल, म्हणजे काका म्हणतात तसं घर बदलायचंच झालं तर मे नंतर सोपं जाईल.

---

शांतारामकाका

वाचतोय. मला हे कलम २१ जाणार हे माहीत नव्हतं. मी भाड्याने राहायचो तेव्हा मालकाने दोन महिन्यांत बाहेर काढलं होतं, एक शब्द विचारायची सोय नव्हती, बायको सात महिन्यांची गरोदर होती. त्यामुळे माझा सल्ला त्या भीतीतून आला असेल. ताई, तुम्ही लिहा त्यांना. इंग्रजी पत्र तपासून हवं असेल तर मला मेसेज करा, मी रिटायर आहे, वेळच वेळ आहे.

---

पूर्वी कौन्सिलमध्ये

काका, किती छान. अजून एक राहिलं. अवाबच्या कायद्याबद्दल लोक विचारतात. रॉचडेलमध्ये डिसेंबर २०२० मध्ये दोन वर्षांचं बाळ घरातल्या बुरशीमुळे गेलं, त्याच्या नावाचा कायदा. २७ ऑक्टोबर २०२५ पासून तो लागू आहे पण अजून फक्त कौन्सिल आणि हाउसिंग असोसिएशनच्या घरांना. तिथे गंभीर ओल कळल्यावर १० कामाच्या दिवसांत पाहणी करावी लागते. खाजगी घरांना लावायची तरतूद भाडेकरूंच्या नव्या कायद्यात आहे, अंमल व्हायचाय. ताईंची लेक साडेतीन वर्षांची आहे, तिने त्यासाठी थांबावं असं मला वाटत नाही, म्हणून वर सांगितलेलं आजच करा.

आणि भारतीय नागरिक असाल, इथे राहायचा व्हिसा असेल तर तुम्हाला इथल्या निवडणुकांत मत आहे, कौन्सिलच्याही, कॉमनवेल्थ म्हणून. आपल्या कितीतरी लोकांना हे माहीतच नसतं. ऑनलाइन नाव नोंदवायला पाच मिनिटं लागतात आणि मतदानाला भारतीय पासपोर्ट ओळखपत्र म्हणून चालतो. कौन्सिलर दारावर आला की लायब्ररीचे दिवस आणि तपासणी अधिकाऱ्यांची संख्या विचारा. आणि माहितीच्या अधिकाराखाली कौन्सिलला ईमेल करा, गेल्या तीन वर्षांत खाजगी घरांच्या किती तक्रारी आल्या, किती घरं तपासली, किती नोटिसा काढल्या. २० कामाच्या दिवसांत उत्तर द्यावं लागतं, पैसे लागत नाहीत. ते आकडे घेऊन कौन्सिलरकडे गेलात तर बोलणं वेगळं होतं.

---

चिमणीचं घर

तुम्हा सगळ्यांचे आभार कसे मानू कळत नाही. तीन आठवड्यांनी लिहितेय म्हणून सॉरी, पण करत होते सगळं.

काकांनी पत्र तपासून दिलं, दोनदा. एजंटला मालकाचं नाव मागितलं तर आधी "प्रायव्हसी" म्हणाला, मग मी कायद्याचं नाव लिहिल्यावर अठराव्या दिवशी दिलं. मालक एक वयस्कर बाई निघाल्या, दुसऱ्या शहरात राहतात, त्यांना एजंटने रंगाचं बिल पाठवलं होतं पण पन्हळीबद्दल शब्द नव्हता. त्यांचा फोन आला, त्याही चिडल्या होत्या. पन्हळवाला शनिवारी येऊन गेला, जुना तुकडा काढला तर आत गवत उगवलेलं.

पण भिंत अजून ओलीच आहे आणि प्लास्टर काढायला लागेल की नाही यावर एजंट परत टोलवतोय, म्हणून कौन्सिलचं सोडलं नाही. पहिल्या श्रेणीचा शब्द आणि डॉक्टरची नोंद घालून परत लिहिलं, कौन्सिलरना कॉपी केली, आणि पाचव्या दिवशी एका अधिकारी बाईंचा फोन आला! म्हणाल्या की तुमची आधीची तक्रार त्यांच्याकडे आलीच नव्हती, दुसऱ्याच रांगेत होती. नवऱ्याने मतदार यादीत दोघांचं नाव घातलं, तेही मी न सांगता.

त्या बुधवारी दहा वाजता येणार आहेत. त्यांना दाखवायला भिंत पुसू नको ना, आहे तशीच ठेवू? कपाट ओढून ठेवलंय. गोधडी पाचव्यांदा धुऊन आमच्या खोलीत ठेवलीय, लेक आता आमच्यातच झोपते.

---

पूर्वी कौन्सिलमध्ये

पुसू नका, आहे तशीच राहू द्या, कपाटाची फळीही फेकू नका. बाई आल्या की ओल मोजायचं यंत्र लावतील, प्रत्येक आकड्याचा फोटो काढून घ्या आणि लेखी अहवाल कधी मिळेल ते दारातच विचारा. गुरुवारी इथे लिहा.